फाउंडेशन इयर घेऊन इलेक्ट्रिकल अँड रोबोटिक्स: एक वर्ष वाया जातं का?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातून मला समजलं ते असं. मुलगा इंग्लंडमध्येच वाढलाय, ए-लेव्हलला (आपल्या बारावीसारखी परीक्षा) बिझनेस, सायकॉलॉजी आणि कम्प्युटर सायन्स घेतलं, मॅथ्स नाही फिजिक्स नाही, जीसीएसईला (दहावीसारखी) मात्र मॅथ्समध्ये ९ पैकी ६ आहे. आणि आता साहेबांना रोबोट बनवायचेत. हातात दोन ऑफर आहेत, एक सरळ तीन वर्षांचं कम्प्युटर सायन्स, दुसरी चार वर्षांची बी.एंज. (इंजिनिअरिंगची पदवी) इलेक्ट्रिकल अँड रोबोटिक्स विथ फाउंडेशन इयर, म्हणजे पदवीच्या तीन वर्षांआधी एक तयारीचं वर्ष. घरात मिस्टर म्हणतायत की कोडिंग येतंच त्याला, तीन वर्षांत मोकळा होऊ दे, रोबोटिक्स काय नंतर पण शिकेल, फाउंडेशन म्हणजे नापासांची शाळा. आणि तुमची मधल्यामध्ये ओढाताण.

मी बावीस वर्षं मोटर ड्राइव्ह आणि कंट्रोलमध्ये काम करतोय, आणि गेली काही वर्षं आठवड्यातला एक दिवस इथल्याच एका युनिव्हर्सिटीत फाउंडेशनच्या पोरांची लॅब घेतो. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात, नोकरी देणाऱ्याची पण आणि वर्गात पहिल्या आठवड्यात भेदरलेल्या पोराची पण. उत्तर आधीच सांगून टाकतो मग कारणं सांगतो: त्याला खरंच हलणारी वस्तू बनवायची असेल तर फाउंडेशनवाली ऑफर घ्या. स्क्रीनवरच रमत असेल तर कम्प्युटर सायन्स घ्या आणि त्यात काही कमीपणा नाही. पण "वर्ष वाचवायला" म्हणून कम्प्युटर सायन्स घेऊ नका, ते वर्ष नंतर दुप्पट होऊन वसूल होतं.

आधी "नापासांची शाळा" हे डोक्यातून काढू या. इथे ए-लेव्हलला साधारण तीनच विषय घेतात, सोळाव्या वर्षी निवडायचे, आणि सोळाव्या वर्षी कोणाला काय कळतं. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगचं दार तिथेच बंद होतं, पोरगा कितीही हुशार असला तरी. फाउंडेशन इयर हे त्या बंद झालेल्या दाराला मागून ठेवलेलं दार आहे. पातळी ए-लेव्हलचीच, म्हणजे लेव्हल ३, त्यानंतर पदवीची तीन वर्षं लेव्हल ४, ५ आणि ६. माझ्या लॅबमध्ये निम्मी पोरं तरी अशीच असतात, विषय चुकलेली, मार्क बरे असलेली. बाकीच्यांत कोणी दहा वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम करून आलेला असतो, कोणी आजारपणात वर्ष गेलेली. इलेक्ट्रिशियनवाले बहुतेक वेळा सगळ्यांच्या पुढे जातात, कारण त्यांना प्रश्न आधीच माहीत असतात, फक्त गणित मिळायचं बाकी असतं.

आणि शेवटी मिळणारी पदवी तीच, बी.एंज. ऑनर्स. सरळ पहिल्या वर्षाला आलेल्या पोराला जी मिळते तीच. मी इंटरव्ह्यू घेताना "तू फाउंडेशन केलंस का" असं आजपर्यंत एकाही कँडिडेटला विचारलेलं नाही, विचारायचं सुचलंही नाही कधी.

आता मिस्टरांचा खरा मुद्दा, की कोडिंग येतं म्हणजे रोबोटिक्स येईल. हा गैरसमज सगळ्यांचा असतो, पोरांचा तर असतोच. यावर भाषण देण्यापेक्षा लॅबमधली एक गोष्ट सांगतो.

दोन चाकांची छोटी गाडी, चार डबल-ए सेल, दोन मोटर, एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कम्प्युटर. काळ्या पट्टीवरून चालायचं एवढंच काम. एका पोरीची गाडी चालू केली की एक झटका मारायची, थांबायची, परत झटका, परत थांबायची. कोडिंगमध्ये ही वर्गात सगळ्यात तरबेज. तिने कोड तीन वेळा नव्याने लिहिला, तयार कोडची लायब्ररी बदलली, मग बोर्ड खराब आहे म्हणून दुसरा बोर्ड मागायला आली. मी म्हटलं व्होल्टेज बघितलंस का, तर म्हणे बघितलं, मल्टिमीटरवर ६ व्होल्ट दाखवतोय, बॅटरी ओके आहे. मल्टिमीटर खोटं बोलत नव्हता, पण तो सेकंदाला दोनचार वेळाच आकडा बदलतो आणि आपला घोळ त्याच्या मधल्या मधे होऊन जात होता. ऑसिलोस्कोप लावला, म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं त्याची रेघ काढणारं यंत्र, सिंगल शॉटवर, व्होल्टेज पडताना पकड म्हणून सांगितलं, आणि गाडी चालू केली. स्क्रीनवर ६ ची सरळ रेघ एकदम खाली कोसळलेली, काही मिलिसेकंद तशीच, मग परत वर. ती बराच वेळ नुसती त्या खड्ड्याकडे बघत बसली.

मग वही काढून गणित केलं. मोटर थांबलेली असते तेव्हा तिच्यात बॅक ईएमएफ नसतो, म्हणजे मोटर फिरताना स्वतःच जे उलटं व्होल्टेज तयार करते ते शून्य, करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा रेझिस्टन्स. तो तिच्या मोटरचा ३ ओहम होता. दोन मोटर पॅरलल म्हणजे दीड. आणि सेलच्या आत पण रेझिस्टन्स असतो, चार सेलचा मिळून साधारण १ ओहम धरला. एकूण अडीच. ६ भागिले २.५ म्हणजे २.४ अँपिअर. आता हे २.४ अँपिअर सेलच्या आतल्या १ ओहममधून पण जातात, म्हणजे २.४ व्होल्ट सेलच्या पोटातच गेले आणि बाहेर उरले ३.६. त्यातून व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आपला हिस्सा कापून घेणार, कंट्रोलरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, व्होल्टेज कमी पडलंय हे ओळखणारं त्याचं ब्राउनआउट सर्किट त्याला रीसेट मारतं. रीसेट झाला की मोटर बंद, मोटर बंद झाली की व्होल्टेज परत वर, कंट्रोलर परत जागा होतो, परत मोटर चालू करतो, परत आपटतो. कोडमध्ये एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

ताई, यात वापरलेलं सगळं काही, ओहमचा नियम, सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स, पॅरलल रेझिस्टन्स, हे फाउंडेशनच्या फिजिक्समध्ये पहिल्या टर्मला असतं. कंटाळवाणं दिसतं, सेल आणि रेझिस्टर काढून दहा दहा गणितं सोडवायची. पण हेच नसेल तर पोरगा कोड बदलत बसतो. फाउंडेशन तुमच्या गळ्यात मारायचं म्हणून नाही सांगत, मी कामावर पण हेच बघतो, आकडे फक्त मोठे असतात. रोबोट बंद पडला की पहिला संशय सप्लायवर, दुसरा कनेक्टरवर, तिसरा ग्राउंडवर (सर्किटची शून्य व्होल्टची सामायिक तार), सॉफ्टवेअरचा नंबर बराच नंतर लागतो.

जाता जाता, त्यावरचा उपाय पण मजेशीर आहे. इंटरनेटवर सगळे सांगतात की हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. तिने लावला, मोटरच्या सप्लायवरच. काही फरक नाही. का, तर २ अँपिअर ओढले की हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दर मिलिसेकंदाला २ व्होल्ट उतरतो, मोटरला वेग घ्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, तोवर हा रिकामा. तोच कपॅसिटर एका डायोडच्या (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) पलीकडे, फक्त कंट्रोलरच्या बाजूला ठेवला, जिथे ५० मिलिअँपिअरच लागतात, तर तो मिलिसेकंदाला ०.०५ व्होल्टच उतरतो आणि काम भागतं. वस्तू तीच, जागा बदलली. आणि मोटर एकदम पूर्ण जोरात चालू न करता पीडब्ल्यूएमने, म्हणजे पुरवठा भराभर चालू-बंद करून, हळूहळू वाढवली तर कपॅसिटरवर पण फार भार येत नाही, इथे मात्र कोडिंग कामाला आलं. तिने दोन्ही केलं. तिच्या शेजारच्या पोराने वेगळी बॅटरी लावली कंट्रोलरला, ते पण चालतं, फक्त दोन्हीचे ग्राउंड एकत्र जोडायला विसरला आणि त्याची दुपार त्यात गेली.

म्हणून कोर्सच्या नावात "इलेक्ट्रिकल अँड रोबोटिक्स" असं दोन्ही एकत्र आहे ते मला आवडतं. दोन वेगळे विषय शेजारी ठेवलेत असं ते नाहीये. याच देशात ब्रिस्टलला मेंदूवर संशोधन करणाऱ्या ग्रे वॉल्टर नावाच्या माणसाने १९४८-४९ ला दोन रोबोट कासवं बनवली होती, एल्मर आणि एल्सी. एकेका कासवात दोन व्हॅक्यूम ट्यूब, एक प्रकाश ओळखणारा फोटोसेल, धक्का कळायला एक स्विच, दोन मोटर. कम्प्युटर नाही, कोड नाही. तरी ती उजेडाकडे जायची, अडथळा आला की वळसा घालायची आणि बॅटरी उतरत आली की चार्जिंगच्या घरट्याकडे परतायची. सगळं वायरिंगमध्ये. पोराला सांगा बघायला, भारी प्रकार आहे.

आता गणिताबद्दल, कारण खरी धास्ती तिथेच असणार. जीसीएसईला ६ म्हणजे पाया कच्चा नाही, पण दोन वर्षं हात लागलेला नाही, गंज चढलेला असणार. फाउंडेशनमध्ये साधारण हे येतं: अल्जेब्रा, ट्रिग्नॉमेट्री, लॉगरिदम, व्हेक्टर, कॅल्क्युलस, थोडे मॅट्रिक्स, आणि शेवटी कॉम्प्लेक्स नंबर. वेग बऱ्यापैकी असतो, ए-लेव्हलला दोन वर्षांत पसरलेलं इथे एका वर्षात, त्यातही सुट्ट्या काढून बघितलं तर हाताशी कमीच आठवडे. पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. इथे गणित वापरण्यासाठी शिकवतात.

दोन उदाहरणं देतो, मग कळेल. रोबोटचा हात समजा, खांद्यापासून कोपरापर्यंत ३० सेंटिमीटर, कोपरापासून पंजापर्यंत २०. खांद्यापासून ४० सेंटिमीटरवर एक कप ठेवलाय, तो उचलायचा तर कोपर किती वाकवायचं? कोसाइन रूल लावा: ३० चा वर्ग अधिक २० चा वर्ग वजा ४० चा वर्ग, भागिले दोन गुणिले ३० गुणिले २०. येतात वजा ०.२५, म्हणजे कोपरातला कोन साधारण १०४.५ अंश. झालं, मोटरला हा आकडा द्यायचा. जीसीएसईला हाच रूल त्याने कुठल्यातरी निरर्थक त्रिकोणावर लावला असणार. इथे मजा अशी की उत्तरं दोन येतात, कोपर वर करून पण पोचता येतं आणि खाली करून पण, आणि मधे टेबल असेल तर त्यातलं एक उत्तर टेबल फोडतं. गणिताला ते टेबल दिसत नाही, ते आपल्याला बघावं लागतं.

दुसरं उदाहरण क्वाड्रॅटिकचं. बी स्क्वेअर वजा चार एसी, हे प्रत्येकाने पाठ केलेलं असतं, ते निगेटिव्ह आलं की शाळेत लिहायचं "उत्तर नाही" आणि पुढच्या गणिताला जायचं. युनिव्हर्सिटीत कळतं की उत्तर आहे, कॉम्प्लेक्स आहे. रोबोटच्या हाताची हालचाल मांडली की असंच क्वाड्रॅटिक येतं, आणि उत्तर कॉम्प्लेक्स आलं याचा अर्थ असा की तुमचा हात जागेवर जाऊन लगेच थांबणार नाही, थरथरत पुढेमागे झुलणार. कंट्रोलचा जोर वाढवला की त्या सूत्रातला सी वाढतो, म्हणजे चार एसी मोठं होतं, आणि हात जास्त झुलायला लागतो. पोरं गेन, म्हणजे तोच जोर, वाढवत जातात कारण त्यांना हात पटकन पोचायला हवा असतो, आणि हात पिसाळतो. ज्याला ते सूत्र समजलंय तो शांतपणे डॅम्पिंग, म्हणजे झुलणं शमवणारा अडसर, वाढवतो, म्हणजे सूत्रातला बी. (आणि हो, कॉम्प्लेक्स नंबरमधल्या उणे एकच्या वर्गमुळाला वर्गात आय ऐवजी जे लिहायला लावतील, कारण इलेक्ट्रिकलमध्ये आय म्हणजे करंट. गणिताचे सर आय लिहितात आणि सर्किटचे सर जे, महिनाभर पोरं वैतागतात, मग सवय होते.)

मिस्टर म्हणतात तसं कम्प्युटर सायन्स करून रोबोटिक्समध्ये येता येत नाही का? येतं. व्हिजन, मॅपिंग, प्लॅनिंग, आजकालचं मशीन लर्निंग, या बाजूला कम्प्युटरवालेच जास्त आहेत आणि चांगले आहेत. पण त्यांना पण लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी चुकत नाही, ए-लेव्हल मॅथ्स नसताना ते अंगावर येतंच. आणि ज्याला मोटर, पॉवर, सेन्सर, कंट्रोल यात काम करायचंय त्याला नंतर मास्टर्स करताना इलेक्ट्रिकलचा अख्खा पाया शिकावा लागतो, किंवा तिथे प्रवेशच मिळत नाही. माझ्या टीममध्ये असा एक मुलगा आहे, सॉफ्टवेअरमध्ये हिरा, पण स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, वाचायचं म्हटलं की अजून कोणाला तरी हाक मारतो. तो स्वतःच म्हणतो की सुरुवातीलाच शिकलो असतो तर बरं. तहान लागल्यावर विहीर खणणं हेच.

आता सावध करतो, कारण फाउंडेशनचं मी नुसतं कौतुक करतोय असं वाटायला नको. ते वर्ष वाया जात नाही पण ते वाया घालवणं फार सोपं आहे. फाउंडेशनचे मार्क पदवीच्या क्लासमध्ये धरत नाहीत, पहिल्या वर्षाचेही बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, आणि पास व्हायला ४० टक्के. अठरा वर्षांचा पोरगा घरापासून लांब, हे गणित त्याला सगळ्यात आधी समजतं. ४२ टक्क्यांवर वर ढकलला गेलेला पोरगा पहिल्या वर्षाच्या सर्किट्समध्ये आणि इंजिनिअरिंग मॅथ्समध्ये आडवा होतो, मी दरवर्षी बघतो. कागदावर वर्षाला १२० क्रेडिट असतात, एका क्रेडिटला दहा तास धरतात, म्हणजे १२०० तास. लेक्चर आणि लॅब मिळून त्यातले थोडेच होतात, बाकीचे कोणी विचारायला येत नाही. आमच्याकडे शाळेसारखं घरी फोन वगैरे प्रकार नसतो, आणि पालकांनी फोन केला तरी मुलाच्या परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. त्यामुळे ताई, त्याने स्वतःच रेटायला पाहिजे.

आणि नुसतं पास होणं आणि पुढे जायला पात्र होणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. काही ठिकाणी ४० ला पुढे घेतात, काही ठिकाणी सरासरी त्याहून बरीच जास्त लागते, आणि मॅथ्समध्ये वेगळी अट असते. ऑफरच्या पत्रात नसेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पैशाचं बोलू. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड होती, पुढे थोडी थोडी वाढणार. तुम्ही कुठेतरी वाचलंय की फाउंडेशनची फी ५,७६० झाली, ते खरं आहे पण ते नुसत्या वर्गात बसून शिकायच्या विषयांना, बिझनेस वगैरे. इंजिनिअरिंगला लॅब लागते म्हणून ते त्यात नाही, पूर्ण फी पडणार. म्हणजे २०२५-२६ च्या दराने तीन वर्षांचे २८,६०५ आणि चार वर्षांचे ३८,१४०, वर राहणं-खाणं वेगळं. पदवीला जोडलेलं फाउंडेशन असेल तर या वर्षालाही फीचं लोन मिळतं. परतफेड प्लॅन ५ नावाच्या नियमांनी, वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जे कमावेल त्याच्या ९ टक्के, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. म्हणजे कर्ज एका वर्षाच्या फीने वाढलं तरी महिन्याचा कापला जाणारा हप्ता वाढत नाही, तो पगारावर ठरतो, फक्त जास्त वर्षं चालतो. व्याज लागतं हे मात्र विसरू नका. मी याला फुकट म्हणणार नाही, खरे पैसे आहेत.

एक बारीक गोष्ट जी लोकांना फार उशिरा कळते: लोन आजवर साधारणपणे कोर्सची वर्षं अधिक एक वर्ष एवढंच मिळत आलंय. कम्प्युटर सायन्सला जाऊन वर्षभराने "नाही जमत" म्हणून इकडे आला तर ते जास्तीचं एक वर्ष तिथेच संपलं, मग पुढे कुठे अडकला तर हात रिकामे. म्हणून आत्ताच नीट ठरवा.

फी नकोच असेल तर डिग्री अप्रेंटिसशिप आहे, कंपनी पगार देते आणि शिकवते, पण जागा कमी, चढाओढ तुफान, आणि मॅथ्स नसताना दार उघडणं कठीण. दुसरा मार्ग म्हणजे एक वर्ष थांबून कॉलेजमध्ये ए-लेव्हल मॅथ्स करणं, काही मुलं करतात. त्यात फी वाचते, पण फिजिक्स आणि लॅब राहूनच जाते, आणि परीक्षेत ग्रेड हुकला तर परत शून्यावर. फाउंडेशनला निदान पुढच्या वर्षाची जागा ठरलेली असते.

ऑफर पक्की करण्याआधी कोर्सबद्दल काय बघायचं ते सांगतो. पहिलं, पदवीला आयईटीची मान्यता आहे का. इलेक्ट्रिकलवाल्यांची ती संस्था आहे, इंजिनिअरिंग काउन्सिलच्या वतीने कोर्स तपासते. मान्यताप्राप्त बी.एंज. असेल तर पुढे चार्टर्ड इंजिनिअर (अनुभवी इंजिनिअरला मिळणारा अधिकृत दर्जा) व्हायला लागणाऱ्या शिक्षणाचा काही भाग झालेला असतो, उरलेला मास्टर्सच्या पातळीचा अभ्यास करून, कामाचा अनुभव वेगळा. बऱ्याच ठिकाणी मार्क चांगले असले तर मधेच एम.एंज. ला, म्हणजे मास्टर्सपर्यंतच्या सलग कोर्सला, वळता येतं, ते पण विचारून ठेवा. दुसरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे मॉड्यूल वाचा, फाउंडेशनचे नाही. त्यात कंट्रोल, सिग्नल्स, इलेक्ट्रिकल मशीन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, एम्बेडेड सिस्टिम्स दिसायला हवेत. नावात रोबोटिक्स आणि आत नुसतं प्रोग्रामिंग असं असेल तर तो नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा प्रकार. तिसरं, डिस्कव्हर युनी म्हणून अधिकृत वेबसाइट आहे, तिथे कोर्सनुसार किती मुलं पहिल्या वर्षानंतर टिकतात ते दिसतं. आणि मधे प्लेसमेंट इयर, म्हणजे कंपनीत काम करायचं वर्ष, आहे का, असेल तर डोळे झाकून घ्या. त्या वर्षाची फी कमाल फीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि पगार वेगळा. प्लेसमेंट करून आलेला पोरगा इंटरव्ह्यूत दोन मिनिटांत ओळखू येतो.

ओपन डेला, म्हणजे युनिव्हर्सिटी बघायला बोलावतात त्या दिवशी, गेलात तर चकचकीत रोबोट दाखवतील, ते सोडा. फाउंडेशनच्या पोरांची लॅब कुठली ते दाखवा म्हणा. फाउंडेशन बऱ्याच ठिकाणी सगळ्या इंजिनिअरिंगला एकत्रच असतं, मेकॅनिकल, सिव्हिल सगळे एका वर्गात, त्यात वाईट काही नाही, पण वर्षभर सोल्डरिंग आयर्न हातात येणारच नसेल तर अशा पोराचा जीव रमत नाही. बाकावर ऑसिलोस्कोप आहेत का आणि किती पोरांत एक, हे मोजून या.

पुढचं त्यालाच वाचून दाखवा.

अरे, उन्हाळ्यात रोबोट किट विकत घेऊ नकोस. दोनशे पौंडांचं किट स्क्रूने जोडून काही शिकत नाही माणूस. एक साधा मल्टिमीटर घे, ब्रेडबोर्ड, थोडे रेझिस्टर, एक दोन स्वस्त डीसी मोटर आणि एक रास्पबेरी पाय पिको, म्हणजे छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. सगळं बॅटरीवर कर, भिंतीतल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही, ते लॅबमध्ये माणूस शेजारी असताना. मी पहिल्या नोकरीत ऑसिलोस्कोपची अर्थिंगची क्लिप मेन्सच्या, म्हणजे त्या भिंतीतल्या विजेच्या, बाजूला नको तिथे लावली होती, एक धमाका झाला आणि प्रोबचं टोक राहिलंच नाही. शिकलेला असून केलं, तू तर अजून सुरू पण नाही केलंस. आणि हो, मोटर सरळ पिकोच्या पिनला जोडू नकोस, मधे ड्रायव्हर लागतो. का लागतो ते शोधून काढ, त्यातच पहिला महिना आहे.

रोज अर्धा तास अल्जेब्रा. सूत्रातून हवं ते अक्षर बाहेर काढणं, अपूर्णांक, घातांक, बस. कॅल्क्युलस आत्ता नको, ते तिथे शिकवतील, पण अल्जेब्रात हात अडखळत असेल तर कॅल्क्युलसचं लेक्चर कळत असूनही गणित सुटत नाही. बहुतेक पोरं नापास होतात ती कॅल्क्युलसमध्ये नाही, कॅल्क्युलसच्या गणितातल्या अल्जेब्रात.

आणि एक वही ठेव. काय जोडलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तारीख टाकून. मोडलेलं पण लिही. चार वर्षांनी माझ्यासारखा कोणी समोर बसून विचारेल की एखादी गोष्ट चालली नाही तेव्हा काय केलंस, तेव्हा "ग्रुप प्रोजेक्टमध्ये खूप शिकायला मिळालं" असलं काही सांगू नकोस, ती वही उघड.

ताई, ऑफर स्वीकारायची मुदत यूकॅसच्या (जिथून युनिव्हर्सिटीचे अर्ज केले ती संस्था) खात्यात दिसेल, ती चुकवू नका, चुकली तर दोन्ही ऑफर आपोआप जातात. एक फर्म (पहिली पसंती) आणि एक इन्शुरन्स (ती हुकली तर राखीव) अशा दोन ठेवता येतात, पण इन्शुरन्सवालीला ग्रेड कमी लागायला हवेत नाहीतर तिचा उपयोग शून्य. तुमच्या बाबतीत फाउंडेशनवालीला बहुधा कमी लागत असतील, आणि तिथेच गोची होते, लोक सवयीने कम्प्युटर सायन्स फर्म टाकतात आणि ही इन्शुरन्सला, ग्रेड मिळाले की पोरगा आपोआप तिकडे बांधला जातो. त्याला ही हवी असेल तर हीच फर्म टाका.

आणि हवी आहे का हे कळायला एक करा. वरचं ते सेलचं गणित त्याला द्या, फक्त ३ ओहमच्या मोटर दोन ऐवजी चार लावल्या तर बाहेर किती व्होल्ट उरतात ते काढ म्हणा, आणि तुम्ही स्वयंपाकघरात निघून जा. उत्तर २.६ च्या जरा खाली येतं. चुकलं तरी चालेल. तो अर्ध्या तासाने अजून तिथेच बसलाय की फोन घेऊन वर गेलाय, एवढंच बघा आणि मला कळवा.